हाक मारायचं बटण

टेंभुर्णीच्या, म्हणजे तेंदूच्या, खुंटांना तांबूस पालवी फुटली की माझं डोकं फिरतं. एप्रिल सरत आलेला असतो. बल्लारपुरात सकाळी दहानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी कोळशाच्या धुळीने करडे होतात, आणि आलापल्लीच्या पलीकडून, माझ्या माहेरच्या गावातून, भावाचा फोन येतो. "ताई, तेंदू तयार झाला. कवा येतेस?" दहा-बारा दिवसांचा हंगाम. एकदा गारा पडल्या की पानाला भोकं पडतात आणि सगळं संपतं. म्हणून घाई. सुट्टीचा अर्ज, बंद बूट, सुती रुमाल दोन, मीठ-साखरेच्या पुड्या. यादी तयारच असते. रागाची तेवढी यादी होत नाही. तो आपला पिशवीच्या तळाशी येऊन बसतो आणि माहेरी पोचेपर्यंत टोचत राहतो.

यंदा त्याला आणखी एक निमित्त मिळालं. त्याच आठवड्यात माझ्याकडे परीक्षणासाठी एक नवा व्हिडिओ गेम आला.

मी दिवसा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचं भांडार सांभाळते. परीक्षानळ्या किती, फुटल्या किती, कोणी फोडल्या. रविवारी व्हिडिओ गेम खेळते आणि एका मराठी संकेतस्थळावर त्यांच्याबद्दल लिहिते. वय एकोणपन्नास. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर महिनाभर पडून होते तेव्हा लागलेलं हे खूळ. टाके निघाले, खूळ राहिलं. प्रत्येक खेळाची वहीत नोंद असते: किती तास खेळले, कुठे कंटाळले, कुठे फसवलं. इथे मात्र नावं लिहीत नाही. नाव लिहिलं की शिवीचीही जाहिरात होते.

शेतीचे खेळ घ्या. लोकांना ते फार आवडतात, "मन शांत होतं" म्हणतात. होणारच. त्यात धान पेरलं की चार मिनिटांत पिकतं. चिखल पोटरीला लागत नाही, बांधावरून भांडण होत नाही, रानडुक्कर येत नाही. गाईला हात लावला की बादली भरते. मी अशा एका खेळात सत्तर तास घालवले आणि मग लिहिलं, की ही शेती नाही, हे भाजीचं दुकान आहे आणि दुकानदार बाहेर गेला आहे. वाचक चिडले. बाई, खेळ आहे, खेळासारखा खेळा. खेळासारखाच खेळते मी. गावात आट्यापाट्या खेळताना पाटी धरणाऱ्याने पाटी सोडली तर आम्ही दिवसभर बोलत नसू.

मग ते शहर वसवायचे खेळ. त्यांत जंगल म्हणजे पुसायचा हिरवा रंग. खाण टाकली की वरच्या कोपऱ्यातला आकडा वाढतो. कुणाच्या दोरीवरचे कपडे करडे होताना दिसत नाहीत, कारण तिथे दोरीच नसते. मोबाइलवरचे खेळ तर विचारूच नका. रोज सकाळी दारात येऊन उभे. आज आला नाहीत तर कालचं बक्षीस गेलं, उद्या आला नाहीत तर परवाचं. आमच्या गावात असं वागणाऱ्या माणसाला लोक चहा विचारणं बंद करतात.

एक खेळ मात्र मला मनापासून आवडला होता, तोही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल बाई नुसतीच खेकसते. लहानसा होता. दोघांनी खेळायचा. एकाला दिसतं पण चालता येत नाही, दुसरा चालतो पण त्याला दिसत नाही. बोलल्याशिवाय एक पाऊल पुढे पडत नाही. मी आणि प्रयोगशाळेतली शिपाईबाई मिळून तो तीन दुपारी खेळलो. "डावीकडे वो मॅडम, डावीकडे, तुमची डावी कोणती आहे!" असं ती ओरडायची आणि आम्ही दोघी खड्ड्यात. त्या खेळाला मी सहा गुण दिले. चित्रं साधी आहेत, असं कारण लिहिलं. दहापैकी सहा. आणि त्याच महिन्यात ज्याला नऊ दिले, त्याच्याबद्दल मला आज लिहायचं आहे.

तो जंगलातला खेळ होता. चित्रं अशी, की पानामागून ऊन आलं तर पानाच्या शिरा दिसत. नकाशावर जंगलाचे चौकोन पाडलेले. एक चौकोन पूर्ण केला की तो उजळायचा, मग पुढचा. आणि मुख्य नियम शांततेचा. पाय न वाजवता चाललात तर जास्त गुण. आवाज केला की गुण कापले जात. मला तो नियम फार शहाणा वाटला. एकट्याने, चौकोनाचौकोनाने, गुपचूप. माझ्या स्वभावाचा खेळ. परीक्षणात मी लिहिलं: "हा खेळ जंगलाशी कसं वागायचं ते शिकवतो." हे वाक्य अजून तिथे आहे. वर माझं नाव आहे.

परीक्षण पाठवलं आणि तेंदूच्या हंगामाला माहेरी गेले. त्याला आता तीन वर्षं झाली.

त्या मे महिन्याचे वास अजून नाकात आहेत. पहाटे निघताना चुलीच्या राखेचा. वाटेत वाळलेल्या मोहफुलांचा, आंबूस-गोड. तोडलेल्या पानाचा हिरवा, किंचित तुरट वास, जो धुतला तरी बोटांना राहतो. दुपारी अंगणातल्या मांडवाखाली सगळे पुडे बांधत बसायचो. एकावर एक सत्तर पानं, पाठ एका बाजूला, पोट एका बाजूला, आणि सालीच्या दोरीचा वेढा. माझी वहिनी कुसुम हे न मोजता करायची. बोटं पानांवरून अशी सरकायची की सत्तराव्या पानाला आपोआप थांबायची. मी मागाहून मोजून पाहिलं आहे, अनेकदा, माझ्या खोडीप्रमाणे. सत्तरच. ती हसायची. "ताई, मोजा, मोजा. मास्तरीण व्हाले पायजे होतं तुमी."

पण सकाळची तोडणी मला सहन होत नव्हती. माझ्यासकट सात बायका. पुढे मैनाबाई, साठीच्या, सगळ्यांत जाणत्या. रीत अशी, की बायका एकमेकींच्या कानाच्या टप्प्यात राहणार. थोड्या थोड्या वेळाने मैनाबाई लांब "हूऽऽ" अशी हाक देणार, आणि एकेक बाई आपापल्या झुडपामागून उत्तर देणार. दुसरी, तिसरी, चौथी, शेवटच्या बाईपर्यंत. शेवटचं उत्तर आल्याशिवाय कोणी नव्या झुडपाला हात लावायचा नाही. एखादीचं उत्तर आलं नाही, तर सगळ्या थांबणार, पानं खाली ठेवणार, तिच्याकडे जाणार. बहुतेक वेळा ती बाई तंबाखू मळत असायची. मग शिव्या, मग हसणं, मग पुन्हा तोडणी. हाकांच्या मधल्या वेळात अखंड बडबड. कोणाची सून, कोणाची कोंबडी, कोणाच्या लग्नात वरण पातळ झालं.

मी दोन दिवस घड्याळ लावून पाहिलं. निम्मा वेळ बोलण्यात आणि थांबण्यात जात होता. तिसऱ्या दिवशी मी वहीतलं पान फाडलं, रानाचे चार चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनात नावं लिहिली. दोघी-दोघी तीन चौकोनांत, चौथा मोकळा, त्यातली झुडपं विरळ. मैनाबाईंना पायांमुळे वाटेवर बसवलं, गाठोडी सांभाळायला. बोलणं बंद, हाका बंद. सकाळी सातला सगळ्यांनी पाणवठ्यावर भेटायचं.

मैनाबाईंनी तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. "हे जंगलाले वाचता येते का, बाई?"

"जंगलाला कशाला? आपल्याला वाचता आलं की झालं."

"आमी ओरडतो ते काऊन ओरडतो, मालूम आहे ना तुले? त्यायले समजाले पायजे आपण आलो म्हणून. त्यायचं घर आहे."

त्यांना, म्हणजे कोणाला, हे त्या म्हणाल्या नाहीत. रानात असताना आमच्याकडे कोणी जनावराचं नाव घेत नाही. मला ते ठाऊक होतं. मी त्याच गावात वाढले. तरी मी म्हटलं, "गप्प राहिलं की हात जास्त चालतात, मैनाबाई. करून तर पाहू." वहिनीने माझी बाजू घेतली. "ताई शिकलेल्या आहेत. पाहू ना दोन दिवस." ती माझी बाजू घेणार होतीच. नणंद म्हणून नव्हे. तिला मी आवडायचे.

पहिल्या दिवशी दीडपट पानं झाली. दुसऱ्या दिवशीही. मी खूश.

नव्या पद्धतीच्या तिसऱ्या दिवशी अस्वल होतं. पिलं घेऊन टेंभरं खायला आलेलं. टेंभरं म्हणजे तेंदूचीच फळं, पिवळी, गोड. ज्या झाडाचं पान आपण नेतो त्याचं फळ ते खातं. एरवी बायकांची बडबड त्याने फर्लांगभर आधी ऐकली असती आणि पिलं घेऊन निघून गेलं असतं. त्या दिवशी माझ्या यादीप्रमाणे रान गप्प होतं. वहिनी वाकून, पाय न वाजवता, एका झुडपामागून दुसऱ्यामागे गेली आणि थेट त्याच्यासमोर उभी राहिली. ते अंगावर आलं तेव्हा तिने तोंडावर उजवा हात धरला.

मी दुसऱ्या चौकोनात होते. एक आवाज ऐकला, कुठून आला ते कळलं नाही. वहिनीची जोडीदारीण घाबरून वाटेकडे पळाली होती. आणि मग आम्ही सगळ्या ओरडत सुटलो, पण आता कोण कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण हाकांचा क्रमच मी मोडला होता. सगळ्या एकदम ओरडत होत्या. कमरेला खोचलेला कागद काढून मी चौकोन पाहत होते. हे मी स्वतःला रोज सांगते: वहिनी रक्तात पडली होती आणि मी कागद पाहत होते. तिला शोधलं मैनाबाईंनी, दुखऱ्या पायांनी. त्यांनी सगळ्यांना एका दणक्यात गप्प केलं, एकच हाक दिली आणि कान लावून उभ्या राहिल्या. खालच्या अंगाने बारीक उत्तर आलं. सवयीनं दिलेलं उत्तर. शुद्ध हरपत असताना तिने "हू" म्हटलं होतं.

बाजेवर घालून रस्त्यापर्यंत, जीपने अहेरी, तिथून पुढे चंद्रपूर. डोक्याला टाके पडले ते भरले. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि अंगठा वळत नाही.

कागदपत्रं मीच केली. अक्षर चांगलं आहे माझं, कुठला कागद कुठे लागतो ते कळतं. एका अर्जात रकाना होता: घटनेचं कारण. मी लिहिलं, "अस्वलाचा हल्ला". खाली सही केली. त्यात खोटं काही नाही, आणि खरंही काही नाही.

त्याच आठवड्यात माझं परीक्षण प्रसिद्ध झालं. नऊ गुण. खाली लोकांनी लिहिलं होतं, ताई, काय सुंदर निरीक्षण, जंगलात वाढलेल्या माणसालाच हे सुचतं. दवाखान्याच्या ओसरीत बसून मी ते वाचलं. पुढे संपादकांना सांगितलं, ते काढून टाका. ते म्हणाले, जुनी परीक्षणं आम्ही बदलत नाही. मला तर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच सर्वांत जास्त राग येतो.

तेव्हापासून जंगलाचा एकही खेळ मी नीट खेळू शकलेले नाही. शिकारीचे खेळ: जनावराभोवती तांबडी रेघ, डरकाळी फोडून समोरून येणारा वाघ. समोरून! जगण्या-तगण्याचे खेळ: तीन काटक्या आणि एक दगड मिळाला की कुऱ्हाड तयार, सागाचं झाड चार घावांत पडतं आणि हवेत विरून जातं, खुंटही उरत नाही. आलापल्लीचा साग पाहिलेल्या माणसाने हे कसं सोसायचं? आणि प्रत्येक खेळात तो एकटा माणूस. दणकट, दाढीवाला, त्याला आई नाही, बहीण नाही, शेजारीण नाही. एकटेपण म्हणजे शौर्य, हे कोणी ठरवलं? आमच्याकडे जंगलात एकटा जाणाऱ्याला शूर म्हणत नाहीत. घरी भांडण झालं का, असं विचारतात.

यंदाचा नवा खेळ तर "मध्य भारताचं खरंखुरं जंगल" म्हणून आलेला. त्यात नारळासारखी झाडं आहेत. मोह आहे, तो भर पावसात फुललेला. गावकरी आहेत, ते परक्या माणसाला पाहताच ढोल वाजवून नाचायला लागतात. काय काम नाही का त्यांना? मे महिना आहे, पानं तोडायची आहेत! मी वहीची दोन पानं भरून शिव्या लिहिल्या आणि लॅपटॉप पिशवीत टाकून माहेरी गेले.

दुपारी कूलरसमोर वहिनी येऊन बसली. तिने कधी खेळ पाहिला नव्हता. मी तिला बाणांची बटणं दाखवली, ती डाव्या हाताने दाबू लागली.

"हा कोण होय?"

"तो म्हणजे आपण."

"एकटाच?"

"हो."

"मंग जंगलात काऊन आला? तेंदूचा पत्ता तोडाले?"

"वाघ मारायला."

"वाघानं काय केलं याचं?" तिने त्याला एका झाडाला धडकवलं, वळवलं, ओढ्यात उतरवलं. "आन् हा मेला तं?"

"पुन्हा उठतो. जिथून निघाला तिथून."

"सोय आहे बापा." ती हसली. मी हसले नाही. थोडा वेळ ती त्याला उंच गवतातून नेत राहिली. मग थांबली. पडद्याकडे वाकून तिने विचारलं, "ताई, हाक माराचं बटण कोणतं?"

मी म्हटलं, पाहते. बटणांची पूर्ण यादी उघडली. उडी, बसणं, लपणं, धावणं, गोळी, चाकू, दुर्बीण, नकाशा, शिट्टी. शिट्टी होती, ती सावज जवळ बोलवायला. यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. हाक नव्हती.

"नाहीये," मी म्हटलं.

"बनवणाऱ्यायले जंगल मालूम नाई मंग," वहिनी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. तीन वर्षांत मी पन्नासएक परीक्षणं लिहिली असतील. त्या वाक्याएवढं नेमकं एकही नाही. तिने तीन वर्षांपूर्वी माझ्याशेजारी बसून ते नऊ गुणांचं जंगल पाहिलं असतं, तर हेच विचारलं असतं. मी तिला दाखवलंच नव्हतं. तिला काय कळणार, असं वाटलं असणार मला.

तिने मला कधी दोष दिला नाही. हे मला पचत नाही. हंगामाला गेले की ती माझ्या आवडीची आंबाडीची भाजी करते. पुडे बांधायला बसलो की उरलेल्या बोटांनी पानं दाबून धरते, सत्तरावर थांबत नाहीत ती आता, आणि मलाच म्हणते, "ताई, मोजून द्या." मी मोजून देते. दर वेळी वाटतं, आता बोलेल. बोलत नाही.

मैनाबाई आता रानात येत नाहीत. थांबताना त्यांनी हाक द्यायचं काम वहिनीकडे सोपवलं. "हात गेला तं गेला, गळा आहे ना?" असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. आता वहिनी पानं तोडत नाही. ती मधोमध उभी राहते आणि हाक देते. बायका आपल्या वाट्यातून तिला पानं देतात. मी रांगेत शेवटची. शेवटचं उत्तर माझं.

खेळ पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाला होतो. पानं उत्तम, मऊ, तळव्याएवढी. मी मनात नव्या खेळाचं परीक्षण जुळवत होते. पहिलं वाक्य जमलं होतं, दुसरं फिरवत होते. रागाच्या भरात वाक्यं छान सुचतात. झुडपामागून झुडूप करत मी खाली उतरले. कधी उतरले, कळलं नाही. एकदम जाणवलं की रान गप्प आहे. कोणी बोलत नव्हतं. पान तोडल्याचा आवाजही नव्हता.

मग झुडपं मोडत वहिनी आली. मागे सगळ्या बायका, हातात पानं नाहीत. वहिनीचा पदर काट्यांत अडकलेला, ती तो ओढत नव्हती, फाडत होती.

"तीनदा! तीनदा हाक देल्ली मी! कान नाईत का तुले?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला 'तू' म्हटलं.

"वहिनी, मी..."

"चूप राह्य! मेली समजलं मी तुले! मेली! तवा बी तूच, आन् आता बी तूच! तुह्या त्या कागदापाई हा हात गेला माहा. हा पाह्य, पाह्य नीट! मी बोलली नाई कोणाले. तुह्या भावाले बी नाई बोलली. वाटलं, समजलं असन हिले. अवो, काय समजलं तुले? इथी उभी राहून बी तू इथी नाईस!"

ती रडत नव्हती. तिचा उजवा हात माझ्या तोंडासमोर होता, तीन बोटांचा, त्यातला अंगठा ताठ. एकीनेही तिला आवरलं नाही. वर कुठेतरी सुतार पक्षी ठोकत होता.

मग ती वळली, ओढ्याकाठच्या दगडापर्यंत चालत गेली, बायका आपापल्या झुडपांकडे गेल्या. तिने पदर खोचला आणि हाक दिली. पहिलं उत्तर आलं, दुसरं आलं, तिसरं, चौथं. मी हातातली पानं खाली ठेवली आणि छाती भरून ओरडले. "हूऽऽ!" आवाज माझाच मला फार मोठा वाटला.

वहिनी थांबली. मग तिने पुन्हा हाक दिली. फक्त माझ्यासाठी.

मी पुन्हा ओ दिली.